गुंतवणुकीचे घर: चंद्रपूर-गडचिरोलीचा हिशेब

राहण्यासाठी घेतलेल्या घराचा आणि गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घराचा हिशेब वेगळा असतो. राहत्या घरासाठी शेजार, शाळा, दवाखाना पाहिला जातो. गुंतवणुकीच्या घराकडून अपेक्षा दोनच: दरमहा भाडे यावे आणि विकताना किंमत वाढलेली असावी. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत या दोन्ही गोष्टी इमारतीपेक्षा तिच्याखालच्या जमिनीवर अधिक ठरतात. म्हणून फ्लॅट असो, डुप्लेक्स असो की रो-हाऊस, तपासणी जमिनीपासूनच सुरू करावी लागते.

भाडेकरू कोण?

चंद्रपूरचे अर्थकारण कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद यांवर उभे आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) या कोळसा कंपनीच्या खाणी, 2920 मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, भद्रावतीची आयुध निर्माणी, घुग्घुस-आवारपूर-गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने यांमुळे पगारदारांची संख्या मोठी आहे. मात्र यांतील बहुतेक मोठ्या उद्योगांच्या स्वतःच्या वसाहती आहेत. वीज केंद्राची ऊर्जानगर वसाहत हे त्याचे ठळक उदाहरण. कायम कामगाराला क्वार्टर मिळते, त्यामुळे तो सहसा भाड्याचे घर शोधत नाही. खुल्या बाजारातला भाडेकरू म्हणजे ठेकेदार कंपन्यांचे अभियंते, बँक कर्मचारी, शिक्षक, बदलीवर आलेले शासकीय नोकर आणि 2015 मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाभोवतीची मंडळी. क्वार्टर सोडावे लागणारा निवृत्त कामगार मात्र घर विकत घेतो. म्हणजे इथे भाड्याच्या मागणीपेक्षा खरेदीची मागणी अधिक भरवशाची आहे.

गडचिरोली शहराची घडण वेगळी आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला आणि त्याचे मुख्यालय शासकीय कार्यालयांभोवती वाढले. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले. गेल्या काही वर्षांत सूरजागडचे लोहखनिज, चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा पोलाद प्रकल्प आणि वडसा-गडचिरोली रेल्वेमार्ग यांमुळे भूखंडांची चर्चा वाढली आहे. अशा ठिकाणी आजच्या दरात उद्याच्या प्रकल्पाची किंमत आधीच धरलेली असते. प्रकल्प वेळेवर उभा राहिला तर खरेदीदाराला थोडा लाभ होतो. लांबला तर रक्कम अडकून पडते आणि कर्जाचे व्याज चालूच राहते.

भाड्याचे गणित

उदाहरणादाखल 40 लाखांचा फ्लॅट दरमहा 10 हजार रुपये भाड्याने दिला असे धरू. वर्षाचे 1 लाख 20 हजार, म्हणजे किमतीच्या 3 टक्के. त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे 10 हजार आणि मालमत्ता कर, देखभाल, रंगरंगोटी यांचे मिळून 20 हजार वजा केले, तर उरतात 90 हजार, म्हणजे सव्वादोन टक्के. बँकेच्या मुदत ठेवीवर सहसा याहून अधिक व्याज मिळते. भाड्यासाठी घर घेणे हा म्हणूनच स्वतंत्र फायद्याचा व्यवहार ठरत नाही. किंमत वाढेल या अंदाजावरच तो उभा असतो. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो, त्यामुळे थेट स्लॅबखालच्या, सर्वात वरच्या मजल्यावरच्या घराला भाडेकरू मिळणे अवघड जाते. तो फ्लॅट स्वस्त का मिळतो, याचे उत्तर बहुधा इथेच असते.

जमिनीचा वर्ग

पहिला प्रश्न मूळ मालकाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर शासनाची पूर्वमान्यता घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी द्यावी लागते. 6 जुलै 1974 पासून हे बंधन आहे. परवानगीशिवाय झालेला व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो, मग त्यावर कितीही सुंदर घर बांधलेले असो. गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे 1996 च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेलाही महत्त्व येते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-2’ अशी नोंद असेल तर ती जमीन मुक्तपणे विकता येत नाही. केवळ आजचा सातबारा पाहून भागत नाही; जुने फेरफार काढून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते पाहावे लागते.

दुसरा प्रश्न झुडपी जंगलाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या सुमारे 86 हजार हेक्टर जमिनीचा वाद अनेक वर्षे चालला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वन (संवर्धन) अधिनियम, 1980 च्या दृष्टीने वनच असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे खसऱ्याच्या जुन्या नोंदीत हे दोन शब्द आढळले, तर तो लेआउट कितीही आकर्षक असला तरी वकिलाच्या सल्ल्याशिवाय इसार देऊ नये. शहरातील जुन्या वस्तीत नझूल जमीन असेल, तर शासनाच्या भाडेपट्ट्याची मुदत आणि अटी पाहाव्या लागतात.

जमिनीच्या पोटात आणि शेजारी

कोळसा पट्ट्यात जमिनीखाली काय आहे, हेही महत्त्वाचे. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीमुळे जमीन खचून एक घर खड्ड्यात गेले. शिवाय कोळसाधारक जमीन 1957 च्या स्वतंत्र केंद्रीय कायद्याने संपादित होऊ शकते. खाणीलगतची जमीन स्वस्त असते ती यामुळेच. धूळ आणि सुरुंगांचे हादरे वेगळेच.

चंद्रपूर शहरालगत इरई आणि झरपट या नद्या वाहतात. इरई धरणाचे दरवाजे उघडले की सखल वस्त्यांत पाणी शिरते. जुलै 2022 मध्ये हे पुन्हा दिसले. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. त्यांपैकी नदीजवळच्या निळ्या रेषेच्या आतले घर राहण्यासाठी धोक्याचे आणि विकण्यासाठी त्याहून अवघड.

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवर, मोहर्ली किंवा कोलाऱ्याकडे फार्महाऊसचे भूखंड दाखवले जातात. तिथे शेतजमीन, अकृषक परवानगी आणि परिसंवेदनशील क्षेत्राचे नियम असे तीन स्वतंत्र प्रश्न असतात. पर्यटकांना खोल्या देण्याच्या बेताने भूखंड घ्यायचा असेल, तर बांधकामाची परवानगी मिळेल का, हे खरेदीआधी लेखी पाहणे गरजेचे आहे.

कागदपत्रे आणि रेरा

2016 च्या स्थावर संपदा कायद्यानुसार (रेरा) 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा अधिक सदनिकांचा नवा प्रकल्प महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो. भूखंडांचे लेआउटही यात येतात. अशा प्रकल्पात ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामाचे दोष बिल्डरला विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात. लहान शहरांत सहा किंवा आठ फ्लॅटच्या इमारती पुष्कळ असतात. अशी योजना नोंदणीतून सुटते, आणि तिथे मंजूर नकाशा, अकृषक आदेश, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालकी हक्काची शोध तपासणी ही सारी जबाबदारी खरेदीदारावर येते.

बांधकाम सुरू असलेल्या घरावर साधारणपणे 5 टक्के, तर 45 लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरावर 1 टक्का जीएसटी लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या तयार घरावर तो नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क वेगळे. घर महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

बाहेर पडण्याची वाट

दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकलेल्या घराच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून साधारणपणे 12.5 टक्के भांडवली नफा कर लागतो. त्या तारखेआधी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्यायही आहे. पण छोट्या शहरात कराहून मोठी अडचण गिऱ्हाईक मिळण्याची असते. नागपूर-पुण्यात काही महिन्यांत विकले जाणारे घर इथे दीर्घकाळ पडून राहू शकते. मुलीचे लग्न, शिक्षण किंवा आजारपणासाठी राखलेला पैसा अशा घरात गुंतवणे म्हणूनच धोक्याचे. पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही इतकी रक्कम हाताशी असेल, जमिनीचे कागद निर्वेध असतील आणि खाण, पूर किंवा जंगल यांपैकी कशाचीही रेषा भूखंडावरून जात नसेल, तरच हा व्यवहार गुंतवणूक म्हणून विचारात घेण्याजोगा ठरतो.