अंधारयुग वाचायचं कसं?

डेसी सर्वेक्षण आणि कृष्ण ऊर्जा हा विषय या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं. तो पुढे ढकलतो आहे, कारण एका शिक्षिकेचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने माझा सगळ्यात आवडता विषय उघडला. त्या विचारतात, 'महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पारदर्शक झालं आणि पहिले तारे त्यानंतर दहा-वीस कोटी वर्षांनी पेटले, असं तुम्हीच लिहिलंत. मधल्या काळात एकही तारा नव्हता, तर तो काळ आपल्याला कळणार कसा?'

उत्तर एका शब्दात: हायड्रोजन. त्या काळात, म्हणजे अंधारयुगात, तारे नव्हते, पण हायड्रोजन सगळीकडे भरून होता आणि हायड्रोजनचा अणू अगदी एकटा असला तरी पूर्ण मुका नसतो. त्यातल्या प्रोटॉनला आणि इलेक्ट्रॉनला स्पिन असतो. दोघांचे स्पिन एकाच दिशेला असले की अणूची ऊर्जा किंचित जास्त असते, विरुद्ध दिशेला असले की किंचित कमी. जास्तीकडून कमीकडे येताना अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. एकट्या अणूला सोडून दिलं तर हे घडायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं लागतात. पण अणूंची संख्याच इतकी अफाट असते की लहर मिळते. हेन्ड्रिक व्हान द हुल्स्ट या डच तरुणाने हे भाकीत १९४४ मध्ये, जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये बसून केलं. १९५१ मध्ये हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी ती लहर पकडली. त्यांचा कर्ण्याच्या आकाराचा अँटेना प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेला होता. पाऊस आला की पाणी त्यातून थेट आत यायचं.

आता ताम्रसृती आठवा. विश्व प्रसरण पावतं तशी लहरही ताणली जाते. विश्व आजच्या एक दशांश आकाराचं असताना निघालेली २१ सेंटिमीटरची लहर आपल्यापर्यंत दोन मीटरहून लांब होऊन पोचते आणि तिची वारंवारता १४२० वरून १४२ मेगाहर्ट्झवर येते. म्हणजे रेडिओची वारंवारता बदलत गेलं की विश्वाचं वय बदलत जातं. प्रत्येक वारंवारता हे इतिहासाचं वेगळं पान. विश्व पारदर्शक होताना सुटलेल्या प्रकाशाने, म्हणजे पार्श्वभूमी प्रारणाने, आपल्याला एकाच क्षणाचं चित्र दिलं. हायड्रोजनमुळे शंभर कोटी वर्षांचा सलग इतिहास मिळू शकतो. आणि हा हायड्रोजन पार्श्वभूमी प्रारणाच्या पुढे उभा असल्यामुळे, तो त्या प्रारणापेक्षा थंड असेल तेव्हा ठरावीक वारंवारतेला त्यातली थोडी ऊर्जा शोषून घेतो. तारे नसतानाही खूण उमटते ती अशी.

अडचण दुसरीच आहे. एफएम रेडिओचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे विश्व साधारण २५ ते ३५ कोटी वर्षांचं असतानाच्या हायड्रोजनचा पट्टा, त्यामुळे आपल्याच रेडिओ केंद्रांच्या गोंगाटात ती खूण बुडून जाते. त्याखेरीज आपली आकाशगंगा स्वतःच या वारंवारतांना हजारो केल्विन इतकी तेजस्वी असते आणि शोधायची खूण असते केल्विनच्या अंशाची.

२०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला शोषणाचा अर्ध्या केल्विनचा खळगा सापडल्याचं जाहीर केलं. खळगा अपेक्षेच्या दुपटीहून खोल होता. कृष्ण द्रव्याने हायड्रोजनला थंड केलं असेल का, इथपर्यंत चर्चा गेली. याची पडताळणी केली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने, आणि ती कशी केली हे सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो. अँटेनाखालची जमीन एकसारखी नसते. माती, ओल, खडक यांचे थर लहरी परतवतात आणि मोजमापात खोटे चढउतार आणतात. पाण्याचा खोल, एकसंध थर मात्र गणितात नेमका धरता येतो. म्हणून या मंडळींनी 'सारस' हा शंकूच्या आकाराचा अँटेना तराफ्यावर बसवला आणि २०२० मध्ये कर्नाटकात दंडिगनहळ्ळीच्या तलावात व शरावतीच्या जलाशयात सोडला. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: एजेसने सांगितलेला तो खळगा आकाशातला नाही, ९५ टक्क्यांहून अधिक खात्रीने. अब्जावधींच्या दुर्बिणीने नव्हे, नीट विचार करून निवडलेल्या जागेने हा निकाल दिला.

आपल्या जुन्नर तालुक्यातही हे काम चालू आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक उद्दिष्ट दूरच्या हायड्रोजनचा शोध हेच होतं. गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीची, ४५ मीटर व्यासाची एक अशा तीस डिश उभ्या केल्या त्या मीटरभर लांबीच्या लहरींसाठी. इतक्या लांब लहरींना आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागत नाही, जाळी पुरते. म्हणून ही दुर्बीण आपल्याला परवडली. २०२० मध्ये इथल्या शास्त्रज्ञांनी ७६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. त्यातली एकेक दीर्घिका वेगळी दिसण्याइतकी प्रबळ नव्हती.

पुढची झेप स्क्वेअर किलोमीटर ॲरे या रेडिओ दुर्बिणीची. तिच्या ऑस्ट्रेलियातल्या भागात ५० ते ३५० मेगाहर्ट्झसाठी १ लाख ३१ हजार ७२ अँटेना उभे राहत आहेत. भारताने या प्रकल्पासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि तिचं संचालन करणारं सॉफ्टवेअर घडवण्यात पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा आहे. त्याहून मागचा, ताऱ्यांपूर्वीचा काळ मात्र दहा मीटरहून लांब लहरींत आहे आणि त्या आपलं आयनांबर वेड्यावाकड्या करतं. त्यासाठी चंद्राची पलीकडची बाजू गाठावी लागेल. चंद्राच्या कक्षेतून पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनची खूण शोधण्याचा 'प्रत्युष' हा प्रस्ताव रामन संस्थेचाच आहे.

विश्वशास्त्राचं पुढचं मोठं काम कुठे आहे असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: या न वाचलेल्या शंभर कोटी वर्षांत. पत्र लिहिणाऱ्या बाईंना आणि सगळ्याच शिक्षकांना एक विनंती. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जा आणि त्या डिशखाली उभं राहून हाच प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांना विचारा. पुढच्या आठवड्यात डेसी.