साठ की आठ? आवाज कानात पोचतो कसा आणि हरवतो कुठे

दिवाळी सरली की दवनीवाड्याच्या परिसरात धानाची चुरणी सुरू होते. बांधीतले पुंजणे थ्रेशरच्या तोंडी लागतात, ट्रॅक्टर दिवसभर घरघरतो आणि पोत्यांतलं धान राईस मिलकडे निघतं. याच दिवसांत गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं आणि पाठोपाठ लग्नसराईचा डीजे येतो. गोंदिया जिल्ह्याचं पोट धानावर चालतं. त्यामुळे या आवाजाबद्दल सहसा कुणी कुरकुरत नाही. आवाज म्हणजे हंगाम चालू असल्याची खूण. तक्रार येते ती वीस-पंचवीस वर्षांनी, आणि तीही घरच्यांकडून: ‘बाबांना ऐकू येतं, पण समजत नाही.’

हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या तंतोतंत खरं असतं. ते का खरं, हे पाहायचं तर एका शब्दामागोमाग कानात शिरायला हवं. शब्द साधाच घेऊ. गिरणीच्या दारात पोती मोजली जात आहेत आणि हमाल शेवटचा आकडा पुकारतो: ‘साठ!’

पडद्यापासून रिकिबीपर्यंत

‘साठ’ म्हणजे हवेच्या दाबातले बारीक चढउतार. ते सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने येतात, कानाच्या पाळीवर अडतात आणि साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीतून पडद्यावर आदळतात. या नळीचा एक गुण लक्षात ठेवावा: तिच्या लांबीमुळे 3000 हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप वाढून आत जातात. माणसाचं बोलणं समजायला हा पट्टा फार उपयोगाचा. पुढे याच गुणाची किंमतही मोजावी लागते.

पडदा जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीचा. त्यामागे हवेची लहानशी पोकळी आणि तीत तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, सुमारे 3 मिलिमीटरचं. या हाडांची गरज काय? आतला कान द्रवाने भरलेला आहे. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला, तर त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. विहिरीत बुडी मारलेल्याला काठावरचं बोलणं ऐकू येत नाही ते म्हणूनच. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे 17 पट मोठं, शिवाय हाडांची थोडी तरफ. दोन्ही मिळून दाब वीस-बावीस पट वाढतो आणि ‘साठ’ द्रवात उतरतो.

मधल्या कानाची ही पोकळी युस्टेशियन नळीने घशाशी जोडलेली असते. सर्दीत ही नळी सुजून बंद झाली की कान दडतो. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, म्हणून घशातला संसर्ग सहज कानात चढतो आणि कान फुटतो. वाहता कान ‘वयाबरोबर बरा होईल’ म्हणून सोडून देऊ नये. पडद्याला भोक राहून गेलं तर त्या मुलाची शाळाच अर्धी ऐकू येते. मात्र पडद्याचे आणि हाडांचे बरेचसे दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. त्यापुढच्या भागाची गोष्ट वेगळी.

अडीच वेढ्यांची नळी

रिकीब जिच्या खिडकीवर टेकते ती नळी म्हणजे कर्णावर्त. अडीच वेढे घेतलेली. उलगडली तर लांबी सुमारे 35 मिलिमीटर. तिच्या आत लांबभर एक पटल पसरलेलं असतं. ते दाराशी अरुंद आणि ताठ, तर टोकाकडे रुंद आणि सैल असतं. त्यामुळे बारीक, उंच सूर दाराशीच पटल हलवतात आणि जाडे, खर्जाचे सूर पार टोकापर्यंत जातात. जॉर्ज फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांवर प्रयोग करून ही लाट डोळ्यांनी पाहिली. 1961 सालचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

आपला ‘साठ’ इथे फुटतो. ‘आ’ हा स्वर जोरकस, पण खालच्या पट्टीतला. त्याची बहुतेक ताकद 1500 हर्ट्झच्या आत. तो नळीत बराच आतवर जातो. ‘स’चा सळसळाट मात्र 4000 हर्ट्झच्या वरचा आणि ताकदीने दुबळा. तो दाराजवळच उतरतो. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक आहे तो एवढाच.

पटलावर केसपेशी ओळीने उभ्या असतात. एका कानात आतल्या ओळीत सुमारे 3,500, बाहेरच्या ओळींत सुमारे 12,000. प्रत्येकीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुबका. पटल हललं की झुबका कलतो, पेशीची दारं उघडतात, विद्युतभार आत येतो आणि श्रवणतंतूला संदेश जातो. मेंदूकडे बातमी पाठवण्याचं काम मुख्यतः आतल्या ओळीचं. बाहेरच्या ओळी स्वतः आखडून-ताणून पटलाची हालचाल वाढवतात, म्हणजे हळू आवाज मोठा करतात. या हालचालीचा प्रतिध्वनी कानातून बाहेरही येतो. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये तो नोंदवला आणि आज नवजात बाळाचा कान तपासायला तोच वापरतात. बाळाने मान वळवायची गरज नाही. झोपेतच चाचणी होते.

या केसपेशी आपल्याला जन्मतःच मिळतात आणि पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, हे 1980 च्या दशकात दिसून आलं. माणसाला ती सोय नाही.

मोठा आवाज नेमकं काय करतो

वाऱ्याने धान लवतं आणि वारा पडला की पुन्हा उभं राहतं. पण वादळाने लोळवलेलं धान उठत नाही. केसपेशींच्या झुबक्यांचं असंच आहे. रात्रभर डीजेपुढे नाचल्यावर सकाळी कान बधिर असतो, आत शिट्टी वाजते आणि एक-दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं. ‘कान परत आले’ म्हणून आपण निर्धास्त होतो. अमेरिकेत शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 2009 मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की, ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि तंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले असतात.

कानाला स्वतःचं थोडं संरक्षण आहे. मोठा आवाज आला की रिकिबीचा इवलासा स्नायू तिला आवळतो. पण तो जागा व्हायला सेकंदाचा अंश लागतो. सुतळी बॉम्ब तोवर आत पोचलेला असतो. शिवाय उंच सुरांपुढे त्याचं फारसं चालत नाही आणि तासन्‌तास चालणाऱ्या यंत्रापुढे तो थकतो.

आवाजाने झालेलं नुकसान आधी 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात दिसतं, बहुधा 4000 पाशी. याचं एक कारण कानाच्या नळीचा तोच गुण: ती हाच पट्टा वाढवून आत सोडते. म्हणजे आधी जातात स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं. स्वर शाबूत राहतात. बोलणं चालू आहे हे कळतं, काय चाललंय ते कळत नाही. ‘साठ’चा ‘आठ’ होतो. नातवंडांचं आणि बायकांचं बोलणं आधी निसटतं, चारचौघांत गोंधळ उडतो. घरचे मग मोठ्याने ओरडतात. त्याने स्वर आणखी मोठे होतात, ‘स’ जिथल्या तिथेच. अशा माणसाशी समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललेलं जास्त कामी येतं.

डेसिबलचा हिशेब

डेसिबलची मोजणी सरळ नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायॉश ही संस्था असं प्रमाण धरते: 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास, 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1 तास, आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाज बऱ्याचदा 90 च्या पुढे असतो. तो 94 धरला, तर 8 तासांच्या कामात एका दिवसात आठ दिवसांची मर्यादा संपली. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत 8 तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे 85 च्या तिपटीहून जास्त ऊर्जा. नियमात बसणारी गिरणी कानाला निर्धोक असेलच असं नाही.

मोजायला यंत्र लागत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर 85 ओलांडलं असं समजावं.

वाचवायचे मार्ग तीनच: अंतर, वेळ आणि कानावर काहीतरी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे सोसण्याची वेळ चौपट होते. डीजेच्या भिंतीपासून मुलांना मागे घेणं, नाटकाला भोंग्याखालची जागा टाळणं फुकटात होतं. गिरणीत पॉलिशर आणि ब्लोअरपाशी एकाच माणसाला दिवसभर न ठेवता पाळी बदलणं, ढिली पाती, खडखडणारा पत्रा आवळून घेणं, हेही मालकाला जड नाही.

कापसाच्या बोळ्याने फारसं काही अडत नाही. फोमचे इअरप्लग लागतात आणि ते नीट घालावे लागतात: बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचे. बाहेर निम्मं लोंबत असेल तर ते बसलेलंच नाही. आणि मध्येच काढू नयेत. 30 डेसिबल अडवणारं साधन 8 तासांत फक्त अर्धा तास काढून ठेवलं, तरी दिवसभराचा फायदा 12 डेसिबलच्या वर जात नाही. त्या अर्ध्या तासात शिरलेला आवाज सगळा हिशेब खाऊन टाकतो.

चुरणीच्या दिवसांत आणखी एक प्रसंग घडतो: मुलाच्या कानात धानाचा दाणा जातो. पाणी घालू नये, दाणा फुगून घट्ट बसतो. पिन, काडी, किल्लीने तर मुळीच कोरू नये. डॉक्टरांकडे न्यावं. क्विनाइन, जेंटामायसिन, टीबीची स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं यांनीही कानाला इजा होऊ शकते. औषध चालू असताना कान वाजू लागला तर डॉक्टरांना लगेच सांगावं. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर दुसऱ्या कानावर भागतंय म्हणून थांबू नये. पहिल्या तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर फायद्याची शक्यता जास्त असते.

तपासणी कधी करावी

आवाजामुळे येणारा बहिरेपणा कामगार कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, आणि भरपाईच्या कायद्यातही. पण कागद हाती नसेल तर हक्क सिद्ध करायचा कसा? तो कागद म्हणजे ऑडिओग्राम. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर हळू करत नेतात आणि माणूस बटण दाबतो. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायला आता नागपूर गाठावंच लागतं असं नाही.

आलेखावर 4000 पाशी खड्डा दिसतो तेव्हा माणसाला स्वतःला काहीच जाणवत नसतं. बोलण्याचा मुख्य पट्टा अजून वाचलेला असतो. खड्डा रुंद होत खाली सरकतो तेव्हा घरचे बोलू लागतात, आणि तोवर गेलेल्या पेशी परत आणायला श्रवणयंत्रही पुरं पडत नाही. ते आवाज वाढवतं, स्पष्टपणा देऊ शकत नाही. म्हणून थ्रेशरवर, ट्रॅक्टरवर किंवा गिरणीत राबणाऱ्याने कान तपासायचा तो तक्रार नसताना, शक्यतो कामाला लागतानाच, आणि पुढे दरवर्षी एकदा.