एकाचे दोन

कापणीचे दिवस असतात. हातात विळा असतो. नजर चुकते आणि बोटाला लागते. रक्त येते. आपण जखम धुतो, स्वच्छ चिंधी बांधतो आणि कामाला लागतो. आठ-दहा दिवसांनी चिंधी सोडून पाहावे, तर खाच भरलेली असते. नवी कातडी आलेली असते.

ही कातडी कोठून आली? कोणी आणून लावली नाही. ती जागच्या जागी तयार झाली. कशी, ते पाहू.

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर पेशींचे. पेशी फार बारीक. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. सूक्ष्मदर्शक नावाच्या यंत्रातून कांद्याचा पातळ पापुद्रा पाहिला, तर पेशी ओळीने बसलेल्या दिसतात. जणू विटांची भिंतच!

पण वीट निर्जीव, पेशी जिवंत. ती अन्न घेते, वाढते. मात्र ती वाढतच राहत नाही. कणकेचा मोठा गोळा तव्यावर टाकला, तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. पेशीचेही तसेच आहे. अन्न तिच्या अंगावरून आत शिरते. ती फार फुगली, तर मधल्या भागाला अन्न पुरायचे नाही. म्हणून बेताची वाढ झाली, की गरजेप्रमाणे पेशी दुभंगते. एकीच्या दोन होतात.

हे दुभंगणे मोठ्या हिशेबाचे असते. भाऊ वेगळे झाले, की जमिनीची वाटणी होते. प्रत्येकाला निम्मी जमीन मिळते. पेशीत मात्र एक वस्तू अशी असते, की ती निम्मी करून चालत नाही. पेशीच्या आत केंद्रक असते. त्यात बारीक धागे असतात. माणसाच्या पेशीत ते ४६ असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. पेशीने काय काम करावे, केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, हे सारे त्या धाग्यांत जणू लिहून ठेवलेले असते.

म्हणून पेशी आधी प्रत्येक धाग्याची नक्कल करते. तलाठी उताऱ्याची नक्कल देतो ना, तशी. मग मूळ आणि नक्कल अशा जोड्या मधोमध रांगेत येतात. जोडीतला एक धागा या टोकाला ओढला जातो, दुसरा त्या टोकाला. दोन्हीकडे ४६ धागे झाले, की पेशी कमरेशी आवळत जाते. शेवटी तिच्या दोन पेशी होतात. दोघींनाही पुरते लिखाण मिळते.

आपण सारे आईच्या पोटात एकाच पेशीपासून वाढलो. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पाटीवर मांडून पाहा. दहा वेळा दुप्पट केली, की १०२४ होतात!

बोटाच्या जखमेतही हेच घडते. काठावरच्या पेशी दुभंगतात, खाच भरतात आणि मग थांबतात. हे थांबणे फार मोलाचे आहे.

कधीकधी धाग्यांतले लिखाण बिघडते. तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी यांतली विषे ते बिघडवतात. मग एखादी पेशी थांबणेच विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे चालूच राहते. शेतात तण माजावे, तशी गाठ माजते. हाच कर्करोग. लोक त्याला कॅन्सर म्हणतात.

आमच्या शेजारी एक आजीबाई होत्या. त्या रोज मशेरी लावीत. गालाच्या आत फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी पाच महिने कोणाला सांगितले नाही. दवाखान्यात नेले, तेव्हा उशीर झाला होता. त्यांची आठवण ठेवून आम्ही हे लिहीत आहोत.

तोंडातला फोड तीन आठवड्यांत बरा झाला नाही, पांढरा किंवा लाल चट्टा उठला, तोंड नीट उघडेना, स्तनात गाठ लागली, तर लाजू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ती कसली, हे तपासल्यावाचून कळत नाही. लवकर कळले, तर पुष्कळ रोगी बरे होतात. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून या रोगावर उपचार करीत आहे.

औषधाने केस गेले, तरी घाबरू नये. भरभर दुभंगणाऱ्या पेशींना अडवणे, हे त्या औषधाचे काम. केसांच्या मुळातल्या पेशीही भरभर दुभंगतात, म्हणून त्यांनाही ते लागते. औषध संपले, की केस बहुधा पुन्हा येतात.

आणखी एक. हा रोग शिवल्याने लागत नाही. रोग्याचे ताट वेगळे करू नका. त्याच्याजवळ बसा.

पेशीला वाढायचे कळते आणि थांबायचेही कळते. तिला ते विसरायला लावणारी पुडी आपण मात्र पैसे देऊन आणतो. ती आजच टाका.