रंग दिसला नाही, म्हणजे प्रथिन नाही?

भाताच्या शितावर आयोडीनचा थेंब टाकला की ते निळे-काळे होते. रंग आला म्हणजे पिष्ट आहे, हे मुले चटकन शिकतात. पण वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रा. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगासाठी विकसित केलेल्या एका चाचणीत हाच निळा रंग उलटा वाचावा लागे. तेथे प्रतिपिंडाला, म्हणजे अँटीबॉडीला, पेनिसिलिनेज हे विकर जोडलेले असे. प्रतिपिंड आपल्या जागी चिकटले तर हे विकर पेनिसिलिनचे विघटन करी, त्यातून तयार झालेला पदार्थ आयोडीन खेचून घेई आणि निळा रंग नाहीसा होई. रंग गेला तर उत्तर ‘होय’! चाचणी कशी रचली आहे हे ठाऊक असल्याशिवाय रंगाचा अर्थ लागत नाही.

डोळ्याच्या दृष्टिपटलाचा अभ्यास करतानाही हे भान ठेवावे लागते. अंधुक उजेडात आपल्याला दिसते ते तेथील दंडपेशींमधल्या ऱ्होडॉप्सिनमुळे. ऑप्सिन हे ३४८ अमिनो आम्लांच्या साखळीचे प्रथिन आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनल यांची ही जोडी. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो. तो वेळीच उपचार केल्यास बरा होतो. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आनुवंशिक विकाराची सुरुवातही बहुधा रातांधळेपणानेच होते. मात्र त्यातील काही कुटुंबांत ऑप्सिनच्या साखळीतच दोष असतो आणि दृष्टी हळूहळू जात राहते. म्हणून पेशीत हे प्रथिन आहे का, आणि योग्य जागी आहे का, हे संशोधकाला पाहावे लागते.

त्यासाठी ‘१डी४’ हे प्रतिपिंड जगभर वापरतात. कॅनडातील रॉबर्ट मोल्डे यांच्या प्रयोगशाळेत ते १९८०च्या दशकात तयार झाले. दृष्टिपटलाच्या पातळ छेदावर आधी ते सोडतात, मग चमकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड. जास्तीचे धुऊन टाकले की सूक्ष्मदर्शकाखाली दंडपेशींची बाहेरची टोके चमकताना दिसतात.

पण १डी४ संपूर्ण ऑप्सिन ओळखत नाही. ते ओळखते फक्त साखळीच्या शेपटाकडची शेवटची नऊ अमिनो आम्ले. काही रुग्णांत जनुकातील एका बदलामुळे साखळी ३४३व्या अमिनो आम्लापाशीच थांबते. शेवटची पाच गळतात. असे प्रथिन पेशीत भरपूर असले, तरी १डी४ला ते सापडत नाही! तेवढ्यावरून ‘प्रथिन तयारच होत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर दोषाचे कारणच चुकीचे ठरेल आणि उपायाचा शोधही चुकीच्या दिशेने जाईल. म्हणून साखळीचे सुरुवातीचे टोक ओळखणारे दुसरे प्रतिपिंडही वापरून पाहतात. शिवाय एक निरोगी छेद आणि एक पहिले प्रतिपिंड न घातलेला छेद तुलनेसाठी सोबत ठेवतात.

वर्गातही हे करता येईल. आयोडीनच्या प्रयोगात एक परीक्षानळी निव्वळ पाण्याची आणि एक भाताच्या पेजेची ठेवा. मग एखाद्या पदार्थात रंग आला नाही, तर मुलांना विचारा: पिष्ट नाही, की आपले आयोडीनच जुने झाले आहे?