वारसाहक्काने शस्त्र परवाना

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा ठरावीक अटींवर त्याच्या हयातीतच, त्याच्या बंदुकीसाठी वारसाला दिला जाणारा नवा परवाना म्हणजे वारसाहक्काने शस्त्र परवाना होय. भारतात तो शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार दिला जातो. बंदूक ही मालमत्ता असल्याने वारसांकडे जाते. परवाना मात्र व्यक्तिगत असतो.

न्यास आणि मृत्युपत्र

अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याखालील सायलेन्सर, आखूड नळीच्या रायफली इत्यादी न्यासाच्या नावे ठेवता येतात. असा न्यास तयार नमुना भरून करावा की वकिलाकडून, यावर तेथे मतभेद आहेत. भारतात हा मार्ग उपयोगाचा नाही. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खालील खाजगी न्यास स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसतो. येथे साधन उरते ते मृत्युपत्राचे. त्यास दोन साक्षीदार लागतात. वकील किंवा नोंदणी सक्तीची नाही. तथापि मृत्युपत्रात नाव असल्याने बंदूक जवळ बाळगण्याचा अधिकार मिळत नाही.

प्रक्रिया

धारकाच्या मृत्यूनंतर बंदूक विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते (कलम २१). वडिलांची आठवण म्हणून पेटीत कुलूपबंद ठेवलेली बंदूकही विनापरवाना शस्त्रच ठरते आणि कलम २५ खाली गुन्हा होतो. मुदतीत परवाना मिळाल्यास वारस ती परत घेऊ शकतो, किंवा विकू शकतो.

धारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यास किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यास हयातीतच वारसासाठी अर्ज करता येतो. घरच्यांच्या दृष्टीने हाच सोपा मार्ग होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाच्या शस्त्रांसह कमाल मर्यादा दोन आहे.

सोलापूर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर हद्दीबाहेर जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने परवाना देतात. त्यामुळे होटगीसारख्या शहरालगतच्या गावी आपले पोलीस ठाणे कोणाच्या अखत्यारीत येते, हे आधी पाहावे लागते.

वकिलाची गरज

इतर वारसांची संमती असल्यास अर्ज स्वतः करता येतो. भावंडांत वाद असल्यास दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियम ८ नुसार वारस प्रमाणपत्र घेण्याची वेळ येऊ शकते. तेथे वकील उपयोगी पडतो. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक असून कलम १८ नुसार अपील करता येते.