‘माझा प्रवास’ : साधन आणि संहिता

१८५७ च्या उठावाचे मराठीतील प्रत्यक्षदर्शी साधन म्हणून विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचा निर्देश पदव्युत्तर प्रबंधांतून वारंवार येतो. मात्र आपण कोणती संहिता वाचली, हे सांगण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. हा तपशील गौण नव्हे.

पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक, घरचे कर्ज फिटेल इतकी दक्षिणा मिळावी या आशेने, चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, ही वार्ता कोकणात पोचली होती. आठवणी लिहिल्या गेल्या त्या सुमारे पाव शतकानंतर, चिं. वि. वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी १९०७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला तो भाषेवर संस्कार करून व काही मजकूर गाळून. हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला. तेव्हा विष्णुभटांच्या शैलीचा नमुना म्हणून १९०७ च्या आवृत्तीतील वाक्ये उद्धृत करणारा अभ्यासक अंशतः वैद्यांच्याच शैलीविषयी बोलत असतो. (आम्हा अध्यापकांकडूनही ही गल्लत होते, हे मान्य करावयास हवे.)

दुसरा प्रश्न विश्वसनीयतेचा. इंग्रजांनी राजेरजवाड्यांना कलकत्त्यास बोलावून धर्मबाह्य कलमांची यादी त्यांच्यापुढे ठेवली, अशी हकिकत विष्णुभट बंडाच्या कारणांत देतात. इतिहासाला अशी सभा ठाऊक नाही. म्हणून ही हकिकत टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. घटनेचा पुरावा म्हणून ती निरुपयोगी असली, तरी लोक काय खरे मानीत होते याचा इतका बोलका पुरावा विरळाच. झाशीचे प्रकरण निराळे. १८५८ मध्ये इंग्रजी फौज शहरात शिरली तेव्हा ते स्वतः तेथे अडकले होते. तहान, लपण्याच्या जागा, घरोघरची लूट यांचे तपशील लष्करी अहवालांत मिळावयाचे नाहीत. अर्थात तेथील संभाषणे स्मरणाने पुन्हा रचलेली आहेत, हे विसरून चालणार नाही.

ग्रंथाचा शेवट इतिहासाचे अभ्यासक सहसा ओलांडून जातात. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तेथे थांबावे. कमावलेले द्रव्य वाटेत लुटले गेले होते. विष्णुभट गंगेची कावड घेऊन परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.