पाकिटावरची खरी किंमत

समजा, रायपूरच्या चौबे कॉलनीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. टपाल तिकिटे जमवण्याचा छंद त्यांना शाळेपासूनचा. एके दिवशी इंग्लंडमधल्या संग्राहक मित्राचे पत्र येते : ‘तुम्हाला हवे होते ते नांदगावचे तिकीट मिळाले. पाकिटावर किंमत दोनच पौंड लिहितो आणि “भेट” म्हणून टाकतो. म्हणजे कस्टम्सची कटकट नको.’ पत्र वाचून पत्नी म्हणते, “लिहू द्या की हो! तेवढेच पैसे वाचतील.” आता गृहस्थांनी काय उत्तर पाठवावे?

नांदगाव म्हणजे रायपूरपासून सत्तरेक किलोमीटरवरचे आजचे राजनांदगाव. या छोट्या संस्थानाने १८९० च्या दशकात अर्ध्या आण्याची आणि दोन आण्यांची स्वतःची तिकिटे काढली होती. काहींवर राजे महंत बलराम दास यांच्या नावाची आद्याक्षरे छापलेली आढळतात. ही तिकिटे थोडीच वर्षे चालली. म्हणून जगभरच्या संग्राहकांना त्यांचे अप्रूप. शेजारच्या गावचे तिकीट असे सातासमुद्रांपलीकडून घरी यायचे असेल, तर जीव त्यात अडकणारच!

लेबलच बोलते

परदेशातून येणारे टपाल मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणच्या विदेश डाक कार्यालयांत उघडून तपासले जाऊ शकते. तिथे रायपूरकर स्वतः हजर नसतो. त्याच्या वतीने बोलते ते पाकिटावरचे लेबल. छोट्या पाकिटावर सीएन २२ आणि जास्त किमतीच्या पार्सलवर सीएन २३ नावाचा फॉर्म असतो. त्यात वस्तू काय, किती आणि कितीची, हे पाठवणाऱ्याने लिहायचे असते. शुल्काचा हिशेब सर्वसाधारणपणे वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून होतो. तो अनेकांना अनपेक्षित वाटतो, कारण त्यांनी फक्त तिकिटाची किंमत धरलेली असते.

“आम्ही पैसे दिलेच नाहीत, तिकिटाला तिकीट दिले,” असेही काही संग्राहक म्हणतात. पण अदलाबदलीतल्या वस्तूलाही किंमत असतेच. लिहिलेला आकडा पटला नाही, तर २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार अधिकारी तो नाकारू शकतात आणि तशाच वस्तूच्या किमतीवरून मूल्य ठरवू शकतात.

‘भेट’ लिहिले की सुटका?

पूर्वी ठरावीक रकमेपर्यंतच्या भेटवस्तू शुल्काविना येत. डिसेंबर २०१९ मध्ये ही सवलत काढून घेण्यात आली. अपवाद राहिला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. राखीबरोबर पाठवलेल्या भेटीला मात्र सवलत नाही! पूर्ण शुल्क भरून भेट मागवता येते. थोडक्यात, ‘भेट’ या शब्दाने आता पैसे वाचत नाहीत. उलट खरेदी किंवा अदलाबदल असताना तसे लिहिणे ही खोटी माहिती ठरते.

नुकसान कोणाचे?

दोन पौंडांचा आकडा लिहिला मित्राने, पण पार्सल अडकले तर धावपळ होते ती घेणाऱ्याची. किंमत खोटी आढळल्यास सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार वस्तू जप्त होऊ शकते, दंडही होऊ शकतो. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पाकीट वाटेत हरवले तर? जिथे विम्याची सोय आहे, तिथे भरपाई विम्याच्या रकमेपुरतीच मिळते. दोन पौंड लिहून शंभर पौंड कसे मागणार? शुल्क वाचवायला गेलो आणि तिकीटही गेले, असे व्हायचे.

पाठवतानाही जपून

बदल्यात आपण काही पाठवणार असू, तर वेगळी काळजी हवी. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि इतर पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आजीच्या डब्यातले जुने नाणे ‘बदली’ म्हणून पाकिटात घालण्याचा मोह टाळावा. यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. शंका असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारावे.

संग्राहकांनी एवढे करावे : वस्तूचे नेमके वर्णन लिहावे, खरी किंमत लिहावी, पावती किंवा अदलाबदलीच्या पत्राची प्रत पाकिटात ठेवावी, दुसरी आपल्याजवळ जपावी, आणि सौदा ठरवतानाच शुल्क कोण भरणार ते बोलून घ्यावे. अनेक वर्षांची मैत्री अशा चारशे-पाचशे रुपयांवरूनही कडू होते.

तेव्हा आपल्या गृहस्थांनी उत्तर पाठवावे : ‘मित्रा, किंमत खरीच लिही. शुल्क मी भरीन.’ पोस्टमन दारात शुल्काची पावती पुढे करील तेव्हा पत्नी जरा कुरकुर करील खरी. पण नांदगावचे ते इवलेसे तिकीट अल्बममध्ये बसेल, तेव्हा त्याच्या शेजारी ती पावतीही अभिमानाने लावता येईल.